डोळ्यांनी घेतलेला वास

गच्चीवर लसणाचा वास दरवळत होता आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

ही २०४३ सालची गोष्ट. जळगाव शहरात धूर करायला बंदी आली होती. कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजणं थांबलं होतं. म्हणून हेमांगीच्या आजोबांनी गच्चीवर ग्रिल (वर जाळी असलेली भाजायची शेगडी) घेतलं. आजोबा निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. घरात येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या नळीला ते जोडायला टिटवी नावाची परवानाधारक यंत्रबाई आली होती. हेमांगी लसूण सोलता सोलता तिला एकेक भाग देत होती. वांग्यांना तेल लावून झालं होतं, पाहुणे जिन्यात पोचले होते.

"झालं ना जोडून? पेटवतो!" आजोबांनी लायटर उचलला.

"थांबा. गळती तपासायची आहे," टिटवी म्हणाली.

"अगं, गळती झाली तर वास येईलच ना?"

"येतोय की वास," हेमांगी म्हणाली.

"तो लसणाचा, वेंधळे! तूच सोलतेयस."

"मला नाक नाही," टिटवी शांतपणे म्हणाली. "मी डोळ्यांनी वास घेते."

तिने ग्रिलची बटणं बंद असल्याची खात्री केली, नळीची कळ उघडली आणि प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. पहिला जोड शांत. दुसराही शांत. तिसऱ्यावर मात्र मोहरीएवढा बुडबुडा आला. तो ज्वारीएवढा झाला. मग बोराएवढा.

हेमांगी वाकून बघू लागली. "याला फुंकतंय कोण?"

टिटवीने कळ बंद केली. आजोबांनी लायटर दूर कठड्यावर ठेवला.

"समुद्र," ते हळूच म्हणाले. "कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले सूक्ष्म जीव चिखलात गाडले गेले. उष्णतेने आणि दाबाने त्यांचा मिथेन झाला. त्याला ना रंग, ना वास. म्हणून त्यात मर्कॅप्टन (गंधक असलेलं उग्र वासाचं रसायन) मिसळतात. लसणाचा वासही गंधकाच्याच रसायनांचा. दोघं भावंडंच! आणि मी, एवढा शिकलेला, फसणार होतो."

मिथेन हवेपेक्षा हलका असतो. उघड्या गच्चीवरून तो वर निघून जाईपर्यंत टिटवी थांबली; पाहुण्यांनाही तिने जिन्यातच थांबवलं. मग तिने जोड उघडला. वॉशरला (जोडात बसणारी रबरी चकती) लसणाचं पातळ साल चिकटलं होतं.

हेमांगी कानापर्यंत लाल झाली. "तो मीच दिला होता."

"आणि मी न बघता बसवला," टिटवी म्हणाली.

नवा वॉशर बसला. पुन्हा कळ उघडली, पुन्हा साबणाचं पाणी. तिघं टक लावून बघत राहिले. फेस जागचा हलला नाही. टिटवीने तो पुसून घेतला आणि मग आजोबांनी ग्रिल पेटवलं. निळ्या ज्योतींची रांग उमलली. त्या प्राचीन समुद्राच्या उबेवर पहिलं वांगं तडतडू लागलं.

"हा वायू संपला तर?" हेमांगीने विचारलं.

"वांग्यांची सालं बंद टाकीत कुजवली तर जिवाणू महिनाभरात मिथेन बनवतात. तो शुद्ध करून नळीत सोडता येईल," आजोबा म्हणाले.

"समुद्राला कोट्यवधी वर्षं, आणि आपल्याला महिना!"

हेमांगी सालांसाठी टोपली आणायला धावली, अर्ध्यातून परत फिरली आणि आधी लसणाचे हात धुऊन आली.