दुसरा खण

गोजरनं धर्मराजला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो नदीत गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती.

मार्गशीर्षातली सकाळ होती. जाफराबादच्या नदीवर धुकं इतकं दाट, की पलीकडचा काठ जणू नव्हताच. बैलगाडी वाळूत रुतलेली, गाडीवान बैलांची मनधरणी करतोय आणि हा शहाणा माणूस विजार दुमडून, कोट घालून, पेटी काही केल्या खाली ठेवत नाही. काठावर दवाखान्याच्या चादरी पिळणाऱ्या गोजरला हसू आवरेना.

"गाडीत ठिवा की ती पेटी. नवरीचे दागिने हायेत का तिच्यात?"

"त्याहून नाजूक आहे," तो म्हणाला. "सुया आहेत."

"सुयांपायी भिजून राह्यले?"

"आणि काचेच्या कुप्या. पाठीत सुई देऊन बाळंतपणातल्या कळांचं दुखणं थांबवायचं औषध आहे ते."

गोजरचं हसू तिथंच थांबलं. हातातली चादर सुटून पाण्याला लागली. धर्मराजनं एक पाय लांबवून ती अडवली, आणि डोक्यावर पेटी, पायाशी चादर असा तो तिच्याकडे बघत उभा राहिला. पाणी बर्फासारखं होतं, पण गडी हलला नाही.

नवे डॉक्टर म्हणतात ते हेच. अंबडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, हैदराबादेत शिकून आलेला. आणि गोजर ही दवाखान्याची नर्सबाई, जालन्याला दोन वर्षं राहून बाळंतपणं करायला शिकलेली. तिची थोरली बहीण उषा तीन दिवस कळा देऊन देऊन गेली, ती हिच्याच मांडीवर. तेव्हा गोजर चौदा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी तिनं बापाला सांगितलं, मी सुईणपण शिकेन, पण लग्न करणार नाही. बापानं आठ वर्षं समजावलं आणि शेवटी नाद सोडला.

दवाखान्यात दुपारी सामसूम असायची. खिडकीतून लिंबाची सावली टेबलावर यायची, त्या सावलीत धर्मराज सुया उकळून, पुसून ठेवायचा.

"ही कुठं टोचायची असती?" एकदा गोजरनं विचारलं.

तो स्टुलावर पाठ फिरवून बसला. "कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवा. आता अंगठे मधोमध आणा. मणका लागेल, त्याच्या वरची खाच शोधा."

गोजरनं शेकडो बायांच्या कमरा चोळल्या होत्या. पण त्या पातळ सदऱ्यावरून अंगठा फिरवताना तिला... काय झालं कुणास ठाऊक, खाच सापडेना.

"सापडली?"

"न्हाई. तुम्ही श्वास घेऊन राह्यले ना."

"मग घेऊ नको?"

"हळू घ्या..."

त्यानं हळू घेतला. खाच सापडली, तरी अंगठा लगेच निघाला नाही.

"एकच अडचण आहे," तो जरा वेळानं म्हणाला. "पाठ वाकवा म्हटलं, की बाया घाबरून आणखी ताठ होतात. मग खाच मिटते."

"वाकवा म्हनूच नका. चूल फुंकायला बसती तशी बस म्हना."

आणि ती खाली बसून दाखवू लागली. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पाठ गोल. तो बघतच राहिला. मग घाईघाईनं दुसरीकडे बघू लागला.

संक्रांत आली. त्यानं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि हात मागं घ्यायला उगाच वेळ लावला.

"तुमच्या घरी... तुमच्यासाठी कुणी स्थळ बघत नाही?"

"मी लगीन करनार न्हाई, डॉक्टरसाहेब." ती तिळगुळाकडे बघत म्हणाली. "लगीन झालं की लेकरू आलं. मी त्या खाटंच्या ह्या बाजूला बराबर हाय. त्या बाजूला मला जायचं न्हाई." मग तिनं उषाचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. समजूत घालायला गेला नाही, हे तिला फार आवडलं. आणि आवडलं म्हणून त्या रात्री तिला रडू आलं.

पौष सरता सरता धुळाजी धनगर सकाळीच बैलांची हलकी दमणी घेऊन दवाखान्यात आला. बायको बायनाबाई कालपासून अडली होती. दोघं निघाले. वाटेत करडई फुलली होती, दव अजून वाळलं नव्हतं, आणि दमणीच्या हिसक्यानं कोपराला कोपर लागलं की दोघं एकदमच बाहेर बघायचे.

वस्तीवर धुळाजीची आई सखूबाई उंबऱ्यात आडवी उभी होती.

गोजर आत जाऊन बघून आली. बाळाचं डोकं खाली येऊन अडलं होतं, बायनाबाईच्या अंगात जोर उरला नव्हता. "सुई द्या न् चिमट्यानं सोडवा," ती धर्मराजला म्हणाली.

"सुई तू दे की," सखूबाई तिला म्हणाली. "परका गडी बाळंतिणीच्या खोलीत? बिलकुल न्हाई."

"ते माझं काम न्हाई, मामी. त्यांचंच हाय."

आतून बायनाबाई ओरडली. सखूबाई काही दगड नव्हती. ती वळली, ट्रंक उघडली आणि चोळीचे दोन खण काढून आणले.

"पैलं बाळंतपन माहेरी व्हावं," ती धर्मराजला म्हणाली. "हिला माहेर न्हाई, भाऊ न्हाई. खण घालून तू हो. भाऊ परका नसतो."

धर्मराजनं उंबऱ्यातून वाकून एक खण बायनाबाईच्या पदरात घातला. "आजपासून तू माझी बहीण."

"आन् ह्यो दुसरा ह्या नर्सबाईला," सखूबाई म्हणाली. "तरना गडी, तरनी पोर, एका खोलीत. दोघींचा भाऊ झालास की माझं काई म्हननं न्हाई."

खण धर्मराजच्या हातात आला आणि हातातच राहिला.

"दे की जल्दी."

"हा न्हाई देणार." डॉक्टरसाहेबांची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"काहून?"

"हिचा भाऊ न्हाई व्हायचं मला."

धुळाजीनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सखूबाईनं कवाडावर हात टेकला. "मंग कोन हायेस तू हिचा?"

"ते तिनं सांगायचं."

गोजरनं खणाकडे पाहिलं. पदर पसरला की झालं. बायनाबाई सुटेल, आणि आपणही जन्माचं सुटू. लग्न नाही, कळा नाहीत, कुणाच्या मांडीवर मरणं नाही. आठ वर्षं हेच तर मागत होतो आपण. तिनं पदर हातात धरलासुद्धा. आणि समोर तो माणूस खाली मान घालून, खण मुठीत आवळून उभा होता...

"नर्सबाई," आतून बायनाबाई कण्हली, "काय म्हनायचं ते म्हना ना माय. माझा जीव चाल्ला."

गोजरनं पदर सोडला.

"मामी, मला बी हे भाऊ म्हनून नकोत."

सखूबाईनं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग धर्मराजच्या हातातून खण काढून घेतला. "मंग तसं सांगावं मान्सानं. तुझ्या हळदीला मीच घालीन ह्यो हिच्या वटीत. जा आत."

"चूल फुंकायला बसती तशी बस, बायना," गोजर म्हणाली आणि तिला छातीशी धरून बसली. सुई गेली. थोड्या वेळानं बायनाबाईच्या कपाळावरची आठी सुटली. तिनं गोजरकडे बघून विचारलं, "थांबलं?" आणि पहिल्यांदाच पाणी मागितलं. तासाभरात मुलगी झाली. सखूबाईनं सुनेच्या पायांवरून चार वेळा हात फिरवला, सुईनं ते लुळे पडले नाहीत ना, म्हणून हललेले बघितले, आणि मगच नातीला हातात घेतलं.

परतताना ऊन कलतं होतं. धुळाजी पुढं गुणगुणत दमणी हाकत होता.

"गोजर," तो म्हणाला. नावापुढची 'बाई' पहिल्यांदाच गळाली होती. "घाईत म्हणालीस का तू ते?"

"न्हाई."

"आणि... भीती?"

"भीती हाय. व्हती तेवढीच हाय." ती करडईच्या पिवळ्या रानाकडे बघत होती. "पन माझ्या येळंला सुई तुमीच द्यायची."

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. "हैदराबादहून कुणाला तरी बोलावू. बाकी कुणाला देईन गं, पण तुला देताना माझा हात थरथरेल."

गोजरनं तो हात आपल्या हातात घेतला. आत्ताच थरथरत होता.

"थरथरू द्या," ती म्हणाली. "मी हलनार न्हाई."