सहाव्या दिव्याची टोपी

साद तिला आधी दिसलाच नाही. दिसला तो त्याचा उजेड, भस्सकन्, थेट डोळ्यांत!

रईसा गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. समोर बरोबर पश्चिमेला सिद्धेश्वर सरांच्या क्लासचा बोर्ड, आणि त्याखाली जुन्या दिव्यांच्या जागी नवेकोरे सहा हॅलोजन. सगळे एकदम पेटले आणि अब्बांचा कुर्ता तिच्या हातातून सुटून गल्लीत पडला. झालं! वर्षभर मनात साठलेलं उफाळून वर आलं. ओढणी सावरत ती धडाधड जिना उतरली, कुर्ता उचलायचाही विसरली आणि रस्ता ओलांडून शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"ओ उजेडवाले! उतरा खाली!"

शिडीवरून आधी तारेचं भेंडोळं उतरलं, मग एक शिडशिडीत, सावळा तरुण.

"साद नाव हाय माझं."

"नाव कोणी विचारलं? हे दिवे कोणावर मारून राहिलात?"

"बोर्डावर."

"बोर्ड तिकडं हाय. मी इकडं राहते!"

त्यानं मान वळवून तिची गच्ची पाहिली, खाली पडलेला कुर्ता पाहिला, मग तिला. घाई अजिबात नाही.

"बरंच झालं की. न्हाई तर तुम्ही खाली कशाला आला असता?"

आता याला काय म्हणावं! रईसा सकाळी शाळेत पन्नास पोरं गप्प बसवायची, दुपारी अब्बांच्या दुकानात पत्रा कापायची. उत्तर द्यायला ती कधी अडली नव्हती. आज अडली. आणि अडली म्हणून आणखीनच चिडली.

त्या चिडण्यातच सगळं बोलून गेली. तिचे अब्बा लालमहंमद, पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करणारे. तीस वर्षं मोहल्ल्यात रमजानचा चांद पहिल्यांदा त्यांनीच पाहिला. कोवळी, केसाएवढी कोर. मावळतीच्या मगरिबच्या अजाननंतर वीस मिनिटं टिकली तर टिकली. पण गेल्या साली हा बोर्ड आला, दिव्यांसकट. अब्बा डोळे फाडून बघत राहिले आणि चांद दिसला तो उदगीरवाल्यांना! कुणीतरी हसत म्हणालं, चाचा, आता चष्मा बदला. त्या दिवसापासून अब्बा गच्चीवर चढले नव्हते.

"त्यांना वाटतंय, डोळे गेले. दुकान बंद करायचं म्हणून राहिले," तिचा आवाज ओला झाला. "बारा दिवसांनी चांद हाय. तेवढी एक संध्याकाळ बंद ठेवा ना दिवे…"

सादचं हसू मावळलं.

"ते न्हाई जमायचं."

"सरांना एवढं भिता?"

"सरांना न्हाई…" तो तार गुंडाळत राहिला. "निलंग्याकडचं गाव आमचं. भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा. अंधार असा, की अम्मी मला हाका मारून राहिली अन् मी तिला. चार हातांवर होतो, दिसत नव्हतो. पंधरा वर्षं झाली, अम्मी अजून दिवा लावून झोपती. मी दिवे लावतो. विझवत न्हाई."

रईसाला ते दिवस आठवले. तेव्हा तीही लहान होती. लातूरचं अख्खं शहर घराबाहेर झोपायचं, आणि मैदानात अंथरलेल्या सतरंजीवर अब्बा तिला एकेक चांदणी दाखवत झोपवायचे. तिची भीती त्या चांदण्यांनी घालवली होती. आता त्यातल्या चार दिसल्या तरी नशीब. हे सगळं त्याला सांगावंसं वाटलं… आणि आपण एका अनोळखी माणसापाशी उगाच रेंगाळतोय, हेही कळलं.

जाता जाता तिनं वर पाहिलं. सगळे दिवे खाली बसवलेले, तोंडं वर. अर्धा उजेड बोर्डावर, अर्धा आभाळात वाया.

"विझवू नका," ती एकदम म्हणाली. "वर चढवा, अन् मान खाली घालायला लावा. मी टोप्या करून देते पत्र्याच्या. सगळा उजेड बोर्डावर पडंल."

साद तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही करणार?"

"का? हात न्हाईत मला?"

"हायेत की," तो हळूच म्हणाला, "तेच बघून राहिलो."

जेवताना तिनं अब्बांना सादचं आणि त्याच्या अम्मीच्या दिव्याचं सांगितलं, आणि त्या रात्री बयेला झोप कुठली! कूस बदलून बदलून चादरीचा बोळा झाला.

सरांना सादनं कसं पटवलं देव जाणे. लहान दिवे पुरतील, जनरेटरचं डिझेल वाचेल म्हणाला म्हणे. मग रोज दुपारी अब्बा जेवून आडवे झाले की रईसा कात्री घेऊन बसायची, आणि तीनच्या ठोक्याला साद मापं घेऊन हजर. मापं एकदाच घ्यायची असतात हे दोघांनाही ठाऊक होतं. तीनला पाच कमी असले की तिचा जीव वर-खाली, पाच वर झाले की कात्रीची धार बोथट. पाच टोप्या सुबक झाल्या, कडा आत मोडलेल्या, बोट फिरवलं तरी कापू नये अशा. सहावी करताना तो पत्रा धरून बसला होता.

"उद्या काम संपलं…" साद म्हणाला.

"हाव."

"मग मी कशाला यायचं?"

तिनं वर पाहिलं आणि कात्री सरकली. त्याचा हात तिच्या हातावर आला, क्षणभरच. आत अब्बा खोकले. ती टोपी तशीच, कड न मोडता, सादनं पिशवीत कोंबली आणि तो पळाला.

चांदाची संध्याकाळ आली आणि अब्बा कोपऱ्यात पाठ करून बसले.

"मी न्हाई येत. डोळे गेलेल्या माणसानं कशाला चढावं?"

अजान झाली. एक मिनिट गेलं. दोन गेली. रईसा दारात आणि जिन्यात नुसती घिरट्या घालत होती. पायाला जणू चटके बसत होते. अब्बांचा हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला. आज नाही चढले, तर हा माणूस पुन्हा हातात कात्री धरायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात समोरून सादची हाळी आली. तो बोर्डाच्या मचाणावर चढून बसला होता.

"चाचा! तुमच्या दुकानची टोपी वाकडी लागून राहिली! लोक हसतेत!"

"माझ्या दुकानची?" लालमहंमद ताडकन उठले. डोळे गेले तरी चालेल, पण आपल्या दुकानचा पत्रा वाकडा? शक्यच नाही! सत्तरीतला माणूस दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर आला आणि रस्त्यापलीकडच्या सहा दिव्यांवर नजर रोखून ओरडला,

"अरे, सहावी! तिची कड मोडलीच न्हाई! कोण्या गाढवानं कापली?"

रईसा पुढे झाली. "अब्बा… एवढ्या लांबून कड दिसली तुम्हाला?"

लालमहंमद थबकले. पुन्हा टोपीकडे पाहिलं, मग हळूहळू नजर वर नेली. उजेड खाली, बोर्डावर पडला होता. वर गुलाबी-निळं आभाळ मोकळं होतं, आणि सहाव्या टोपीच्या चार बोटं वर—

"या अल्ला," ते पुटपुटले. "हाय. चांद हाय!" आणि ते लहान पोरासारखे रडू लागले.

रडत रडतच त्यांना मोहल्ल्याचा रिवाज आठवला. मशिदीत चांद पाहिल्याची गवाही, म्हणजे साक्ष, दोघांची लागते.

"साद! तू तर उंचावर हाय. तूही बघितलास ना? चल गवाहीला!"

साद मचाणावर अवघडला. "न्हाई चाचा. खोटी गवाही कशी देऊ? मी… तिकडं बघतच नव्हतो."

"मग कुठं बघून राहिला होतास?"

साद घाईनं सहावी टोपी चाचपू लागला. लालमहंमद मुलीकडे वळले.

"तू तरी पाहिलास?"

रईसानं मान खाली घातली. गाल असे तापले, की अंधार असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

म्हाताऱ्यानं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. डोळे उत्तम होते त्यांचे, सगळं दिसलं.

"अरे, बघ लवकर! मावळून राहिला तो!" ते सादवर खेकसले. "इकडं न्हाई… वर बघ, वर!"

सादनं वर पाहिलं. "दिसला चाचा! कसम से, दिसला!"

"उतर मग. माझ्यासंगं मशिदीत चल." जिन्याच्या तोंडाशी ते थांबले, कुर्त्याच्या बाहीनं डोळे पुसले. "अन् उद्या पहिला रोजा सोडायला इकडंच ये. अम्मीला घेऊन ये. दिवा लावून ठेवतो म्हणावं."