भिंतीतली दोरी

“दोरी घट्ट धर. निसटून आत गेली, तर सगळी मेहनत पाण्यात!” असं बजावून वायरमनकाका खाली गेले.

मामाच्या घरात नेटची केबल भिंतीतल्या जुन्या नळीतून न्यायची होती. आधी दोरी घालायची, मग तिला केबल बांधून ओढायची, ही काकांची रीत. दोरीचं टोक खालच्या खोलीत निघायला हवं होतं. तास झाला तरी त्याचा पत्ता नव्हता.

टिटवी दोरी धरून बसली. हे नाव तिला अखंड बडबडीमुळे पडलेलं. पण एकाएकी तिची बोलती बंद झाली. दोरी हातातून सरकली होती. कुणीतरी ओढत होतं!

तिने खिडकीतून पाहिलं. काका अंगणात चहा पीत उभे होते.

तिचा मामेभाऊ गब्दुल, अंगाने पहिलवान अन् काळजाने ससा, हळूच दाराकडे सरकला. भिंतीपलीकडे शेजारच्या आजींचं घर होतं. आजी तर कालच लेकीकडे जाणार होत्या. मामीने त्यांची भरलेली बॅगही पाहिली होती. दार बंद, खिडक्या बंद.

टिटवीने जिन्यातून हाक मारली. “उंदीर असेल,” मामा खालूनच हसून म्हणाला आणि पेपरात डोकं घालून बसला.

टिटवीने दोरीला दोन हिसके दिले. भिंतीतून दोन हिसके आले. तिने तीन दिले. तीन आले.

“उंदराला मोजता येतं?” तिने विचारलं.

“रिकाम्या घरात मोजतंय तरी कोण?” गब्दुल कुजबुजला.

दोरी गब्दुलकडे देऊन टिटवीने मामाला हाताला धरून वर आणलं आणि दोरी त्याच्याच हातात दिली. कितीही हिसके दे म्हणाली. मामाने थट्टेत पाच दिले.

एक. दोन. तीन. चार. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने पाचवा आला, अगदी मलूल.

“अरे, आजी!” मामा ओरडला. खिळ्यावरची त्यांच्या घराची चावी ओढून तो धावत सुटला.

आजी पलंग आणि भिंत यांच्या फटीत पडल्या होत्या. निघता निघता पाय घसरला होता, रात्रभर हाका मारून घसा बसला होता. त्यांच्या हाताशी, जमिनीलगतच्या जुन्या बटणपेटीतून दोरीचं टोक बाहेर आलं होतं. दोन्ही घरं पूर्वी एकच होती, आणि काकांनी दोरी भलत्याच नळीत घातली होती.

“आणखी उशीर झाला असता, तर कठीण होतं,” डॉक्टर म्हणाले. मामाने दोघांना जवळ घेतलं. “मी उंदीर म्हणालो रे,” एवढंच त्याला बोलता आलं. तेव्हा कुठे टिटवीला रडू फुटलं.

आठवड्याने आजी घरी आल्या. वायरमनकाका चुकलेली दोरी काढायला ओशाळून हजर झाले. आजींनी आधी त्यांना खडसावलं, मग चहा पाजला आणि म्हणाल्या, “दोरी मात्र राहू दे. पलीकडे माझी माणसं आहेत.”

संध्याकाळी दोरीला दोन हिसके बसले. टिटवीच्या छातीत धस्स झालंच, पण तिने दोन परत दिले.