परक्या गाडीचा हुक

"वलीभाय, मी माझ्या नवऱ्याला मारलं का, एवढंच मला सांगा."

पडद्याआडून रुकय्याचा आवाज आला आणि अहमद मुकादमने चहाचा कप खाली ठेवला. तो बिचारा बर दुबईच्या कापडदुकानात थान उलगडणारा माणूस. असलं बोलणं ऐकायची त्याला सवय नव्हती.

वली परकार मात्र शांत बसून होता. मुंबईला विमा कंपनीत असताना चेपलेल्या, जळलेल्या मोटारी तपासण्यात त्याची उमर गेली होती. दुबईत आल्यापासून आपल्या रत्नागिरीकडच्या लोकांची गुंतलेली प्रकरणं तोच सोडवत असे. अहमद त्याचा दोस्त, आणि वलीच्या डोक्यामागून नेहमी दोन पावलं उशिरा पोचणारा.

रुकय्या इद्दतीत होती. नवरा गेल्यावर बाईने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणून तिने निरोप पाठवून वलीलाच दुबईच्या देरा भागातल्या घरी बोलावलं होतं.

"नीट सांग, बेटा," वली म्हणाला.

"त्या सकाळी आमचं भांडण झालं. ऑइल कंपनीत ड्रायव्हरची नोकरी मिळत होती. क्वार्टरसकट. हे म्हणायचे, टॅक्सी सोडणार नाही. मला राग आला. म्हटलं, रोज त्या खटाऱ्याखाली लोळता, एक दिवस तिच्याखालीच मरा! सगळ्या शेजारणींनी ऐकलं. आणि दुपारी घरामागे चाक काढताना जॅक सटकला. आता लोक म्हणतात, मुनीरने बायकोचं ऐकलं."

आपल्या समाजात मेलेल्याचीही सुटका नसते. आत्महत्या म्हणजे हराम मौत. मुनीर सारंगसारख्या पाचवक्ता नमाजी माणसाच्या कबरीवर हा डाग, आणि त्याच्या बायकोच्या जिभेवर खून.

"गावी सासूबाईंना काय कळवलंय?"

"फक्त गेले म्हणून. कसे, ते नाही. काय कळवू?"

गाडी घरामागच्या वाळूत तशीच होती. एकोणपन्नास सालची अमेरिकन मोटर, पुढचं एक चाक काढलेलं, नाक वाळूत रुतलेलं. पोलीस येऊन अपघात म्हणून गेले होते. शेजारी गफूर उभा होता. मुनीर दिवसा टॅक्सी चालवायचा आणि संध्याकाळनंतर गफूर.

"तूच पहिला पोचलास?" वलीने विचारलं.

"हां भाय. आवाज ऐकून धावलो. छातीवर गाडी. खलास झाला होता." गफूरने तोंडावरून हात फिरवला. "मुठीत चाकाचा नट होता. उघडता उघडेना मूठ."

वली गाडीभोवती फिरला. मागच्या दोन्ही चाकांना मोठमोठे दगड लावलेले होते. मग त्याने जॅक उचलला. उंच दातेरी दांडा, खाली चौकोनी पाया, आणि दांड्यावर चढणारा हुक, जो बंपरच्या खालच्या काठाला अडकवून गाडी उचलायची. काळा रंग इतका ताजा, की त्यात वाळूचे कण चिकटले होते.

"ही पट्टी कसली?" जॅकच्या हँडलला निळ्या कापडाची पट्टी गुंडाळलेली होती.

"भाभीची जुनी ओढणी. उन्हात लोखंड चटका देतं ना, म्हणून मुनीरने गुंडाळली होती. वर्ष झालं असेल."

अहमदने सवयीने कापड चिमटीत धरलं. "कापूस चांगला आहे. पण उडालेला रंग आतल्या बाजूला, आणि गडद निळा बाहेर. उलटंच की."

"शाबास," वली म्हणाला. अहमदला आपण काय शाबासकीचं केलं ते कळलं नाही.

वली वाळूवर आडवा झाला आणि बंपरच्या खालून बोट फिरवू लागला. "इथे दोन बोटं रुंद पट्टा घासून गुळगुळीत झालाय. जुना. आणि त्याच्यावर हे दोन ओरखडे ताजे." मग त्याने वाळूतून लाकडाचा एक तुकडा उचलला. चाकूने तासलेला, मधून चिरलेला. अहमदला ती चुलीची ढलपी वाटली. वलीने ती खिशात टाकली.

"गफूर, या जॅकने तू शेवटचं चाक कधी बदललंस?"

"गेल्या जुम्म्याच्या आधी. हुक बंपरला असा बसायचा, जसा अंगठीत नग. हलायचं नाव नाही."

"डिकीला कुलूप असतं?"

"छे! अलीमियाँ येतात, हवं ते हत्यार उचलून नेतात. मुनीरचे थोरले भाऊ आहेत, ते काय विचारणार? आणि मुनीर काय बोलणार? थोरल्याने दिलेला चहा गोड आहे की नाही, हेसुद्धा त्याने कधी सांगितलं नाही."

अलीमियाँ सारंगचं गॅरेज तिथून हाकेच्या अंतरावर. ते बॉनेटमध्ये वाकले होते, पाना डाव्या हातात. वलीला पाहून त्यांनी हात पुसले आणि चहा मागवला. डोळे सुजलेले होते.

"बाप लवकर गेला. तेव्हापासून मुनीरला मीच वाढवला, वलीभाय. इथे आणला मी, लग्न लावलं मी. आता मातीही मीच दिली."

"त्या दिवशी तो तुमच्याकडे आला होता?"

"नाही. आला असता तर—" ते थांबले. "नाही आला."

"लोक रुकय्याबद्दल बोलतात, ते ऐकलंत?"

अलीमियाँनी मान खाली घातली. "लोकांच्या तोंडाला काय लावणार?"

"त्या जुन्या मोटरीचे पार्ट इथे मिळतात?"

"कुठले मिळतात! तशा दोनच आहेत दुबईत. एक मुनीरची, एक मॉसन साहेबाची. साहेबाची इथेच येते रिपेअरला."

बाहेर पडल्यावर अहमद कुजबुजला, "मला तर गफूरचा संशय येतो. गाडी आता त्याचीच होणार."

"यल्ला, अब्रा पकडू," वली म्हणाला. "साहेबाची गाडी बघायचीय."

त्या अब्रा होडीतून खाडी ओलांडून दोघे मॉसन साहेबाच्या बंगल्यावर पोचले. साहेब ऑइल कंपनीत अधिकारी, आणि जुन्या मोटरीचा वेडा. गाडी बोटीने विलायतेला न्यायची होती आणि तिचा एकेक भाग मूळचाच हवा, असा त्याचा हट्ट. त्याने डिकी उघडून कौतुकाने जॅक दाखवला.

"हा मिळत नव्हता. लोकांना वाटतं, सगळे बंपर जॅक सारखेच. दांडा सारखा, पाया सारखा. पण हुक? ज्या वर्षाचा बंपर, त्याच वर्षाचा हुक. हा शंभर टक्के ओरिजिनल."

"कुठे मिळाला?"

"एका भंगारवाल्याकडे," साहेब घाईने म्हणाला.

वलीने हँडल उजेडात धरलं. रंग ठिकठिकाणी उन्हाने विटलेला, पण त्यातून एक काळीभोर चकचकीत नागमोडी रेघ वर चढत गेली होती, जणू कुणी ती ऊन लागू न देता जपली होती.

"मुनीर सारंगला ओळखत होता साहेब?"

"बिचारा! पहिल्या तारखेपासून आमच्याकडे रुजू व्हायचा होता."

अहमद चमकला. मुनीर तर नोकरीला नकार देत होता! पण वलीने साहेबाचा निरोप घेतला. परतीच्या अब्रात तो पाण्याकडे बघत बसला. त्याचा असा पडलेला चेहरा अहमदने कधी पाहिला नव्हता.

"कळलं वाटतं?"

"कळलं. न कळतं तर बरं होतं."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजनंतर वलीने सगळ्यांना रुकय्याच्या घरी बसवलं. अलीमियाँ, गफूर, अहमद, पडद्याआड रुकय्या. वलीने मध्ये मुनीरचा जॅक ठेवला.

"आधी तुझ्या सवालाचा जवाब, बेटा. मुनीर स्वतःच्या मर्जीने मेला नाही. ज्याला मरायचंय तो चाकांना दगड लावत नाही. निसटलेला नट घ्यायला तो गाडीखाली वाकला, तो मुठीतच राहिला."

पडद्यामागून हुंदका आला.

"मग जॅक सटकला का? कारण हा या गाडीचा नाही. गफूर म्हणाला, हुक अंगठीतल्या नगासारखा बसायचा. बंपरखाली त्याचा जुना गुळगुळीत पट्टाही आहे. या हुकाचं तोंड मोठं आहे, नंतरच्या सालच्या जाड बंपरचं. म्हणून ताजे ओरखडे फक्त दोन. हा नुसता काठावर टेकत होता. कुणीतरी मूळ जॅक काढून घेतला, हा भंगारातला काळा रंगवला आणि मुनीरला कळू नये म्हणून ओढणीची पट्टीही यावर चढवली."

"साहेबाने!" अहमद ओरडला.

"साहेबाकडे मूळ जॅक आहे. पट्टीखाली रंग जपला गेलाय, त्याची नागमोडी खूण मी पाहिली. ती उजवीकडे वळत चढते. या जॅकवरची पट्टी डावीकडे वळते, म्हणूनच विटलेली बाजू आत गेली. ही डावखुऱ्या माणसाने गुंडाळली. त्याच्याकडे भंगारातले जॅक असतात, डिकी त्याला उघडी असते, आणि साहेबाची गाडी त्याच्याकडे येते."

सगळ्यांनी अलीमियाँकडे पाहिलं. त्यांनी आपला डावा हात मांडीखाली दडवला होता.

"भाईसाहेब?" रुकय्याचा आवाज आला.

"साहेब म्हणाला, जॅक दे, तुझ्या भावाला नोकरी देतो," अलीमियाँ म्हणाले. "मुनीरकडे मागितला असता तर निमूट दिला असता, पण मनातून खट्टू झाला असता. म्हटलं, नोकरी पक्की झाली की सांगू. धाकट्याच्या डिकीतून घ्यायला विचारतं कोण? त्या संध्याकाळी मी सांगायला येणार होतो. मिठाई आणून ठेवली होती."

"आणि नंतर?" वलीचा आवाज कठीण झाला. "लोक या पोरीला नवऱ्याची खुनी म्हणत होते, तेव्हा तुमचं तोंड का शिवलं होतं?"

अहमदला अलीमियाँचा राग यायला हवा होता. पण तो आला नाही, नुसतं रडू आलं.

"वलीभाय, ह्यांनी स्वतः कसं ओळखलं नाही?" रुकय्याने हळूच विचारलं. "ह्यांना तर गाडीचा स्क्रूसुद्धा अंधारात ओळखू यायचा."

वलीने खिशातून लाकडाचा चिरलेला तुकडा काढला.

"ओळखलं होतं. ही पाचर त्यानेच तासली, हुकाचं मोठं तोंड भरायला. एका बाजूला हुकाचा दाब आहे, दुसऱ्या बाजूला बंपरचा. उलटी पट्टी बघून हात कुणाचा हेही त्याला कळलं असणार. गॅरेज हाकेवर होतं. जाऊन विचारलं असतं, तर आज जिवंत असता. पण थोरल्याने बदललाय म्हणजे बघूनच बदलला असेल, असं म्हणून त्याने पाचर मारली आणि कामाला लागला."

अलीमियाँच्या तोंडून जो आवाज निघाला, तो अहमद जन्मात विसरला नाही. ते जमिनीवर कपाळ टेकून माफी मागत राहिले, कधी रुकय्याची, कधी मुनीरची.

पडद्याआडची रुकय्याही नोकरीसाठी रोज थोरल्या दिराच्या मागे लागलेली होती, हे तिला आठवत असणारच. "काहीतरी करा, भाईसाहेब," असं तीच म्हणाली होती. तिने ते आता बोलूनही दाखवलं, आणि मग खूप रडली.

रडणं थांबल्यावर अलीमियाँ कसेबसे उठले. "जुम्म्याला मशिदीत सगळ्यांसमोर सांगतो. तुझं नाव साफ करतो. आईलाही आजच लिहितो."

"मशिदीत सांगा," रुकय्या म्हणाली. "आईंना लिहू नका."

"मग त्यांना काय कळवायचं?"

"जॅक सटकला म्हणून. पुढे कुणी माझ्या तोंडून निघालेल्या त्या शापाबद्दल सांगितलं, तर सांगू दे. मला शिव्या देतील, देऊ दे. म्हातारीचा एक मुलगा गेलाय, भाईसाहेब. दुसरा राहू दे तिला."