ओल्या जमिनीवरचं पाऊल

बाहेरच्या उन्हातून त्या गोल घरात शिरलं की क्षणभर काहीच दिसत नसे. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

वेसा गुडघ्यांवर बसून जमिनीवर चुन्याचा शेवटचा हात फिरवत होती. दारातून कुणीतरी ओणवं होत म्हणालं, "काळा दगड हवा का? केस कापेल अशी धार—"

आणि एक भलंमोठं पाऊल थेट ओल्या जमिनीत रुतलं.

तो एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला. केसांत मीठ, खांद्यावर टोपली, होडीवरचाच असणार.

"इथे खाली... कुणी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आई. पेरणीच्या तोंडावर गेली. इथेच पुरलंय तिला."

तो वाकला आणि जमिनीला म्हणाला, "चुकलो, आई. दिसलं नाही."

वेसाने चांगलं झापायचं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

आवाज ऐकून मुर्ना आत्या आली आणि तिने निकाल दिला. गावाची रीतच तशी होती. ज्याने जमीन मोडली, त्यानेच ती सुकेपर्यंत घोटायची. "चार दिवस," असं म्हणून तिने त्याच्या हातात नदीतला गुळगुळीत गोटा ठेवला. "नाव काय रे?"

"तारोक."

"हात बरे दिसतायत. पायांचं काही सांगवत नाही."

होडी नदीच्या मुखाशी वाऱ्याची वाट बघत थांबली होती, तेव्हा घाई नव्हती. निदान तो तसं म्हणाला.

दोघं समोरासमोर बसून घोटू लागली. गोटे फिरत राहिले... सर्र, सर्र.

"हळू," वेसा म्हणाली. "खाली आई आहे, भरडायचे गहू नाहीत."

"त्या काय म्हणाल्या असत्या मला?"

"ह्याला पाय कुठे ठेवायचा ते कुणी शिकवलं नाही का, म्हणाली असती."

"आणि तू?"

"मी आईच्या शब्दाबाहेर नाही."

तिसऱ्या दिवशी छपरावर भुरभुर पाऊस होता. मसूर दोघांनी एकाच दगडी वाडग्यातून खाल्ली, वाडगा एकच होता म्हणून. नंतर घोटताना गोट्याला गोटा लागला, आणि हात मागे घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

"वेसा... येशील माझ्याबरोबर? पलीकडच्या किनाऱ्यावर?"

ती घोटतच म्हणाली, "लेकीने आईच्या उशाशी निजायचं असतं. मी एकटीच लेक. मी गेले तर चूल विझेल, मग छप्पर बसेल. आई अंधारात कुणाशी बोलेल?" मग तिनेच विचारलं, "तुमची गेलेली माणसं कुठे असतात?"

"समुद्रात." तो हसला, पण त्याचा गोटा थांबला होता. "पाणी सारवता येत नाही, वेसा."

राहा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण होडीवाल्याला राहा म्हणणं म्हणजे माशाला झाडावर बस म्हणणं... ती खाली मान घालून घोटत राहिली. तोही.

चौथ्या दिवशी वारा फिरला. खाली होडीवरून शंख वाजला. जमीन अशी चकाकत होती की दारातला उजेड तिच्यात दिसत होता.

"झालं," गोटा उंबरठ्यावर ठेवत तारोक म्हणाला.

"झालं," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने तळहाताने ते पाऊल शोधलं. मेल्याने इतकं सुरेख घोटलं होतं की खूणसुद्धा उरली नव्हती. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. ती उठली आणि चुना कालवायला बसली.

"आता काय?" आत्याने विचारलं.

"दाराशी भेग पडलीय."

आत्याने वाकून बघितलं. "कुठे?"

"बारीक आहे."

"अस्सं... असेल मग," आत्या म्हणाली, आणि बकऱ्या घेऊन उगाच लांबच्या टेकडीवर निघून गेली.

उंबरठ्याच्या आत वेसाने ओला हात फिरवला. परत फिरवला. सुकू देईना. मग त्या चुन्यावर सावली पडली. तिने वर पाहिलं नाही.

"होडी गेली?"

"भूशिराला वळसा घालून गेली. टोपली त्यांनाच दिली."

"ओलं आहे," ती म्हणाली. "आज दिसतंय ना?"

"स्वच्छ दिसतंय."

आणि त्याने अगदी सावकाश, नीट बघून एक पाऊल टेकवलं. मग दुसरं.

वेसाने गोटा त्याच्याकडे सरकवला.

"चार दिवस?" त्याने विचारलं.

"आठ," ती म्हणाली. "पाय दोन आहेत."