मेन बंद करू नको

उन्नती, माहेरी चालली तं जा बाई, पण निघताना मेन स्विच बंद नको करू वं. हसून काहून राहिली? ऐक.

नवतप्यातली, मे सरतानाच्या नऊ कडक दिवसांतली, भरदुपार होती. कोराडी रोडवरच्या रुपरावभाऊंच्या बंद घरातलं ऑटोमेशन काढायच्या कामावर मी एकटीच गेली. त्याले वेगळी तार नसते, घरातल्या वायरिंगमधूनच हुकूम जातो; मेन बंद तं सारं बंद. त्यांची माय प्रयागबाई अंथरुणाले खिळलेली. तिच्या उशाजवळ बटन होतं. एकदा दाबलं का समोरचं शटर वरखाली, तीनदा दाबलं का स्वयंपाकघरात घंटी, म्हणजे पाणी पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात घरचे लग्नाले गेले. निघताना रुपरावभाऊंनी सवयीनं मेन बंद केला आन् शटर हातानं खाली ओढलं. सांभाळणारी बाई आली, बाहेरच्या बटनानं शटर उघडेना, तिले वाटलं म्हातारीलेही नेलं. तिसऱ्या दिवशी घरचे परतले तेव्हा सारं संपलं होतं.

मी घंटीचा डबा काढून पिशवीत टाकला आन् मेन बंद करायले हात नेला. खर्रर्र... शटर खाली आलं! शटरजवळचं बटन दाबदाब दाबलं, ढिम्म. मेन बंद केला तं मोटारच मेली. चालू केला तं जसं कोणी शटर दाबून धरलेलं. मोबाईल बाहेर गाडीच्या डिक्कीत. ओरडली, पण शेजारच्या कूलरच्या आवाजात कोणाले ऐकू जाते? बंद घराचा नळ कोरडा, बाटलीत घोटभरच उरलं, घसा सुकला. मी मरतेच आता, असं वाटलं बाप्पा.

चिडून पुन्हा मेन पाडला. तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला.

टिक... टिक... टिक.

आत जाऊन पाहिलं तं खाट रिकामी होती. उशाजवळचं बटन आपोआप दबत होतं, तीन-तीनदा.

"आजी..." मी कशीबशी बोलली, "मेन चालूच ठेवते. पाणी आणते."

मेन लावला, बाटलीतलं उरलेलं पाणी गिलासात ओतून उशाशी ठेवलं. शटर हळूहळू वर गेलं. मी गाडी काढून सुटली.

चौकात पोचली तं डिक्कीतला मोबाईल वाजला, रुपरावभाऊंचा फोन. "मेन बंद केला ना, दामिनी?"

"नाही भाऊ. तुम्हीही नका करू... हात जोडते."

"येडी झाली का? मी आत्ताच घरात पोचलो. हे घे, केला बंद."

फोनमधून खर्रर्र ऐकू आलं.

"अरे... शटर काहून पडलं? दामिनी, इथं अंधार... आन् हे घंटी कोण वाजवून राहिलं?"

मलेही ऐकू आली. तीनदा. मंग फोन कटला.

मी पिशवीत हात घातला. घंटीचा डबा तिथंच होता वं.