शेकोट्यांच्या सालची शिराझ

दिंडोरीच्या उतारावर मालिनीबाई गायधनींच्या ओसरीत दर माघात जुनी मंडळी जमत. प्रत्येकानं आपली लाडकी वाईन आणायची, आधी तिचं गाव आणि साल सांगायचं, मगच बूच काढायचं, अशी तिथली रीत. "पांढरी चेनिन प्यावी ती अकलूजकडची, तीही पाऊस लवकर गेलेल्या सालची," असं रंगनाथराव सोनांबेकर बजावत आणि वाद रंगे.

यंदा मात्र बाटल्यांशेजारी बंबाएवढा यांत्रिक स्वादकार बसला होता. गाव आणि साल सांगितलं, की साठवलेले गंधरेणू पाण्यात आणि मद्यार्कात जुळवून तो मिनिटभरात तीच वाईन ओतून देई. तो घडवणाऱ्यांत मालिनीबाईंची मुलगी ऋताही होती.

"आई, याला घागरभर पाणी पुरतं, तुझ्या द्राक्षबागेला अख्खी विहीर लागते. खाली गावात टँकर येतोय. खरी वाईन ओळखलीस तर बाग राहील. नाहीतर या हंगामानंतर वेली काढायच्या. कबूल?"

"कबूल. आपली दोन हजार एकतीस सालची लाल शिराझ ओत."

ऋतानं आतून दोन पेले भरून आणले, एक बाटलीतला, एक यंत्राचा. रंगनाथरावांनी दोन्ही चाखले. "ही खरी! काय मखमल आहे! दुसरी जरा कडवटच लागते बुवा."

मालिनीबाईंनी त्या मखमलीचा घोट घेतला आणि पेला दूर सारला. "हे यंत्राचं. यात धूर नाही."

"धूर हा दोष आहे, आई. स्वादकार दोष गाळून टाकतो."

"दोष? त्या वर्षी पारा शून्याला टेकला होता. घड तडकू नयेत म्हणून तुझ्या बाबांनी नि मी ओळीओळीत शेकोट्या पेटवल्या. आमचं सरपण संपलं तेव्हा गावातली माणसं आपल्या चुलीपुढची लाकडं घेऊन धावली. तो धूर द्राक्षांत मुरलाय. तुझ्या यंत्रानं अख्खं गाव गाळून टाकलं की गं!"

ऋता ओशाळली. मग तिनं यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. "धूरही घालता येईल. किती घालू, सांग."

"घाल हवा तेवढा. झालं गेलं सगळं जमेल त्याला." मालिनीबाईंनी कडवट पेला रंगनाथरावांच्या हातात ठेवला. "प्या मुकाट्यानं, माझी शिफारस आहे. आणि ऋता, तुझ्या यंत्राला म्हणावं, आता पुढच्या सालची ओत."

ऋताचं बोट तिथंच थांबलं.

"उद्यापासून विहीर निम्मी गावाला दे," मालिनीबाई म्हणाल्या. "त्यांचं सरपण जाळलंय आपण. वेली सोसतील तहान."

यंत्राचा दिवा लुकलुकत राहिला. ओसरीबाहेर घडांत रस भरत होता. ऋता तिकडे वळली.

"आई, तहानलेल्या वेलींची वाईन कशी लागेल गं?"